सकाळची पोरं, दुपारची पोरं

शनिवार, रात्री उशिरा. न्यू जर्सी.

आज एकाच दिवशी बेसबॉलच्या दोन मॅचेस, दोन्हींना मी अंपायर. सकाळी लिटल लीगची नऊ-दहा वर्षांची पोरं, दुपारी हायस्कूलचा ज्युनिअर व्हर्सिटी, म्हणजे दुसऱ्या फळीचा संघ. मध्ये गाडीत बसून डबा खाल्ला तेवढीच विश्रांती. पोटऱ्या बोलतायत, तरी झोपण्याआधी थोडं लिहून ठेवतो.

सकाळी तिसऱ्या इनिंगला बेस भरलेले होते, एक बाद. बॅटरने चेंडू उंच उडवला, शॉर्टस्टॉपच्या (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधल्या क्षेत्ररक्षकाच्या) मागे फार तर चार पावलांवर. ते पोरगं आधी पुढे धावलं, मग मागे, मग ऊन डोळ्यांवर आलं म्हणून ग्लोव्ह कपाळावर धरला आणि तो तिथून हलवायचाच राहिला. चेंडू त्याच्या पाठीमागे हातभर अंतरावर धप्पकन पडला. एक रन आला, बाकीचे एकेक बेस सरकले. क्षेत्ररक्षण करणाऱ्या संघाचे कोच टाइम मागून माझ्यापर्यंत आले. "ब्लू, ही इनफिल्ड फ्लाय नव्हती?" (इथे अंपायरला सगळे ब्लूच म्हणतात, शर्ट काळा असला तरी.) मी म्हटलं, "माझ्या मते साधा झेल नव्हता, कोच." त्यांनी एकदा त्या पोराकडे पाहिलं आणि काही न बोलता परत गेले.

दुपारी जवळपास तसाच चेंडू, तसेच भरलेले बेस. चेंडू वर असतानाच माझा हात वर गेला होता: "इनफिल्ड फ्लाय, बॅटर बाद!" कोणी वळूनही पाहिलं नाही.

इनफिल्ड फ्लायचा नियम दोन्हीकडे एकच. पहिल्या आणि दुसऱ्या बेसवर रनर किंवा तिन्ही बेस भरलेले, दोनपेक्षा कमी बाद, आणि इनफिल्डरला, म्हणजे बेसजवळच्या क्षेत्ररक्षकाला, साध्या प्रयत्नात पकडता येईल असा उंच चेंडू. मग झेल सुटला तरी बॅटर बाद. एरवी झेल होईल म्हणून रनर थांबलेले असताना क्षेत्ररक्षक मुद्दाम चेंडू सोडून दोघांना बाद करायचा. नऊ वर्षांच्या मुलाला मुद्दाम सोडण्याची गरजच पडत नाही, हा भाग वेगळा! पण मी सकाळी हात वर केला नाही तो दयेपोटी नव्हे. 'साधा प्रयत्न' म्हणजे काय याची व्याख्या मेजर लीगच्या (इथल्या सर्वोच्च व्यावसायिक लीगच्या) पुस्तकात दिलेली आहे: त्या लीगमधल्या किंवा त्या दर्जाच्या लीगमधल्या, त्या जागेवरच्या सरासरी खेळाडूकडून जितकी अपेक्षा करावी तितका प्रयत्न; मैदान आणि हवा धरून. म्हणजे समोरचं पोरगं किती चांगलं याच्याशीही संबंध नाही. त्या वयाचा सरासरी शॉर्टस्टॉप डोळ्यांसमोर आणायचा आणि त्याला हा झेल जमला असता का, एवढंच विचारायचं. आणि हे सगळं चेंडू खाली यायच्या आत.

हा सरासरी शॉर्टस्टॉप पुस्तकातून भेटत नाही, त्या वयाच्या मॅचेस उभ्याने पाहूनच भेटतो. आणि अगदी वर पोचलेल्यांनाही तो दगा देतो. 5 ऑक्टोबर 2012 ला अटलांटा ब्रेव्ह्जची घरच्या मैदानावर सेंट लुईसविरुद्ध मेजर लीग प्लेऑफची वाइल्ड कार्ड मॅच होती, ब्रेव्ह्ज बॅटिंग करत होते. सॅम होलब्रुक डाव्या फाउल लाइनवर अंपायर होते. नेहमीच्या मॅचला चारच अंपायर असतात, प्लेऑफमध्ये सहा, त्यामुळे ती जागा एरवीची नव्हे. चेंडू इनफिल्डच्या बराच मागे, गवतात गेला. सेंट लुईसचा शॉर्टस्टॉप कोझ्मा मागे धावला, ऐनवेळी बाजूला झाला, चेंडू त्याच्या आणि मागच्या क्षेत्ररक्षक हॉलिडेच्या मध्ये पडला. होलब्रुकनी इनफिल्ड फ्लाय दिली. प्रेक्षकांनी बाटल्या नि कचरा फेकला, खेळ 19 मिनिटं थांबला, ब्रेव्ह्जचा निषेध फेटाळला गेला. मी ती क्लिप किती वेळा पाहिली असेल! माझं मत: नियमाला धरून निर्णयाचं समर्थन करता येतं, पण हात वर गेला फार उशिरा. त्या रनरना काही कळण्याआधी चेंडू जमिनीवर होता.

ही झाली एका नियमाच्या दोन नजरांची गोष्ट. नियमच वेगळे असतात तिथे वैताग वेगळा. हायस्कूलचं पुस्तक स्वतंत्र, लिटल लीगचं स्वतंत्र, आणि टीव्हीवर दिसतं ते तिसरंच. आणि कोच लोक टीव्ही पाहूनच मैदानावर येतात.

आज दुपारी पिचरने चेंडू टाकण्याआधी घ्यायचा थांबाच घेतला नाही. हा बॉक, रनरना फसवणारी पिचरची चूक. माझा जोडीदार आतल्या बाजूला उभा होता, तो ओरडला, "बॉक! डेड बॉल!" तोवर चेंडू निघाला होता आणि बॅटरने तो थेट डाव्या-मध्य कोपऱ्यात हाणला. डबल, फटक्यावर थेट दुसरा बेस! डगआउटमध्ये आरडाओरडा, टाळ्या. आणि आम्ही दोघं हात वर करून सगळ्यांना थांबवतोय. हायस्कूलच्या नियमात बॉक झाला की चेंडू त्याच क्षणी मृत. रनरना एक बेस, बॅटर पुन्हा प्लेटवर. व्यावसायिक नियमात खेळ पुढे चालू राहतो आणि बॅटरसकट सगळ्यांना किमान एक बेस मिळाला तर बॉक विसरला जातो. बॅटिंग करणारे कोच लालबुंद. "चूक त्याची आणि शिक्षा आम्हाला?" खरं सांगायचं तर त्यांचं म्हणणं मला पटतं, हायस्कूलचा हा नियम मला कधीच आवडला नाही. पण आवडीनिवडीचे चोचले मैदानाबाहेर. जोडीदार पंचवीसेक वर्षं मुरलेला, त्याने शांतपणे त्यांचं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "कोच, टीव्हीवर तुमचं बरोबर आहे."

हिवाळ्यात शाळेच्या जिममध्ये रबरी बेस टाकून आमचे वर्ग झाले, त्यात शिकवणारे हेच घोकून घ्यायचे. कुठे उभं राहायचं, अंतरापेक्षा कोन का महत्त्वाचा, चेंडू ग्लोव्हमध्ये घट्ट दिसेपर्यंत हात का हलवायचा नाही, ते अंगवळणी पडतं. पण नियमांची परीक्षा पास होणं आणि तिन्ही पुस्तकांतलं नेमकं आजचं पुस्तक डोक्यात उघडं ठेवणं यात फरक आहे. सकाळच्या पोरांना चेंडू बॅटरपर्यंत पोचल्याशिवाय बेस सोडायचा नाही, आणि पुढच्या बेसकडे डोकं पुढे घालून झेप घेतली तर रनर बाद. दुपारच्या पोरांना दोन्ही खुलं. पण त्यांच्या क्षेत्ररक्षकाने चेंडू हातात नसताना टॅगचं (रनरला चेंडूने शिवून बाद करण्याचं) खोटं नाटक केलं तर तो अडथळा धरायचा; व्यावसायिक खेळात तसं काही नाही.

स्ट्राइक झोनवर (पिचरचा चेंडू ज्या चौकटीतून गेला तर स्ट्राइक, नाहीतर 'बॉल') मात्र माझं अजून स्वतःशीच भांडण चालू आहे. प्लेट सगळीकडे 17 इंचांची. लिटल लीगमध्ये वरची हद्द काखेपाशी, हायस्कूलला खांदा आणि कंबर यांच्या मध्यावर. म्हणजे लहानांना पुस्तकच थोडी सढळ जागा देतं. शिवाय नऊ वर्षांच्या पिचरला बाहेरच्या बाजूला एक चेंडूभर सूट जवळजवळ प्रत्येक अंपायर देतो. नाहीतर चार बॉल झाले की बॅटर फुकट पहिल्या बेसवर; चार बॉल, चार बॉल, चार बॉल, आणि आठ पोरं गवत उपटत उभी. कसोटीत लेगच्या बाहेरचा जो चेंडू चालून जातो तोच वनडेत वाइड ठरतो, तसंच काहीसं. मीही ती सूट देतो. पण सेफ-आउटमध्ये वय आणायचं नाही, हे मी ठरवलेलं आहे. पाय आधी पोचला की सेफ, सहा वर्षांचा असो की सोळाचा.

वर मेजर लीगमध्ये 2026 पासून झोन यंत्राने मोजता येतो: बॅटरच्या उंचीच्या 27 टक्क्यांपासून 53.5 टक्क्यांपर्यंत, आणि दाद मागायला प्रत्येक संघाला दोन संधी. इथे सकाळच्या एका बॅटरचं हेल्मेटच भुवयांखाली येत होतं.

त्या पातळीला पोचायला किती वेळ लागतो! अंपायर जेन पावोल आमच्याच न्यू जर्सीच्या. 2016 पासून मायनर लीगच्या पायऱ्या चढत 9 ऑगस्ट 2025 ला अटलांटात मेजर लीगच्या मैदानावर उतरल्या, ते करणारी पहिली बाई. आईला फोनवर हे कौतुकाने सांगितलं, तर म्हणाली, "तिला पगार असेल. तू शिव्या खायला जातोस, तोही सकाळी फुकट." हायस्कूलचे पैसे मिळतात गं आई, म्हटलं, तर "मग दुपारचंच करत जा."

उद्या लिटल लीगचंच मधलं मैदान: पिचर 50 फुटांवर, बेस 70 फुटांवर. तिथे बेस सोडून पुढे सरकता येतं, बॉकही आहे, पण हायस्कूलसारखा नाही. मोठ्यांसारखा, खेळ चालू ठेवायचा. म्हणजे आज ज्या "डेड बॉल"वर एवढं रामायण झालं तो उद्या तोंडातच अडवायचा. डाव्या पायाच्या शिनगार्डचा पट्टा तुटत आलाय, तो आत्ताच बदलतो. आणि बारा वर्षांच्या पिचरला 85 चेंडूंची मर्यादा, स्कोअरकीपरला सुरुवातीलाच विचारायचं आहे की बुधवारी कोणी किती टाकले, म्हणजे कोणाची विश्रांती बाकी आहे.