समुद्रपातळीचा आराखडा करताना: माझा अनुभव

किनाऱ्यावरच्या वस्तीसाठी समुद्रपातळीवाढीचा आराखडा करायला बसलो, तेव्हा जागतिक आकडे चटकन हाती आले. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलविषयक शास्त्रीय मंडळाच्या २०२१ च्या अहवालानुसार १९०१ ते २०१८ या काळात सरासरी पातळी सुमारे २० सेंटिमीटरनं वाढली आणि २००६ ते २०१८ मध्ये वाढीचा वेग वर्षाला ३.७ मिलिमीटर होता. पण जगाची सरासरी आपल्या किनाऱ्याला जशीच्या तशी लागू पडत नाही. जमीन खचत असेल, तर तेवढं पाणी आणखी चढतं. म्हणून जवळच्या भरतीमापकाच्या जुन्या नोंदी मिळवल्या.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो जमिनीच्या उंचीनं. फुकट मिळणाऱ्या उपग्रह नकाशांत छपरं आणि झाडांचे शेंडेही जमीन म्हणून धरले जातात, त्यामुळे चूक काही मीटरची असू शकते. प्रश्न अर्ध्या मीटरचा असताना असा नकाशा काय कामाचा? शिवाय भरतीचं वेळापत्रक खोल ओहोटीच्या पातळीपासून मोजतं, तर जमिनीचे नकाशे सरासरी समुद्रसपाटीपासून. दोन्हींचं शून्य जुळवल्याशिवाय कुठलं घर बुडेल हे सांगताच येत नाही. सर्वेक्षकांकडून जमिनीची उंची जागेवर मोजून (लेव्हल) घेऊनच पुढे गेलो.

मग उधाणाच्या भरतीला रहिवाशांबरोबर वस्तीतून फिरलो. आकाश कोरडं, तरी गटाराच्या जाळीतून खारं पाणी बुडबुडत वर येत होतं. तिथल्या आजींनी भिंतीवरची पांढरट मिठाची रेघ दाखवली आणि म्हणाल्या, "पुढं बंधारा बांधाल, पण हे तर मागनं येतं." त्यांचं म्हणणं अगदी बरोबर होतं. गटाराच्या तोंडाला उलटं पाणी अडवणारी झडप बसवणं आराखड्यात सगळ्यात वर गेलं.

बैठकीत २१०० सालच्या अंदाजांवरून बराच वाद झाला. हरितगृह वायूंचं उत्सर्जन फार कमी राहिलं तर वाढ २८ ते ५५ सेंटिमीटर, फार वाढलं तर ६३ ते १०१. नेमका कोणता धरायचा? लंडनच्या थेम्स नदीमुखाच्या योजनेनं इथे वाट दाखवली: निर्णय सालाला न बांधता पाण्याच्या पातळीला बांधायचा. जाळीतून पाणी येण्याचे दिवस ठरल्यापेक्षा वाढले की पंप. त्याहून वाढले की सखल भागातली घरं हलवण्याची तयारी. शाळा आणि दवाखान्याच्या नव्या इमारती मात्र आतापासूनच उंचावर.

हलणाऱ्या भाडेकरूंना भरपाई कोण देणार, हे अजून ठरलेलं नाही. पुढच्या बैठकीत तोच विषय पहिला घ्यावा, असं मी लेखी कळवलं आहे.