मामाकडचं सेइकोशा आणि टोकियोचे हात्तोरी

जुन्या लाकडी घड्याळात सेलचं मशीन बसवणाऱ्यांवर माझा राग आहे, हे आधीच सांगून टाकतो. मामाच्या माळ्यावरचं सेइकोशा या जपानी कारखान्याचं लंबकाचं घड्याळ माझ्याकडे आलं तेव्हा ज्याला दाखवावं तो हेच म्हणायचा, आतलं सगळं काढून टाका, क्वार्ट्झ मशीन स्वस्तात येतं, पेटी शोभेला राहील. अहो मग लंबक कशाला ठेवायचा, नुसता झुलायला?

शेवटी गिरगावातले एक घड्याळजी काका मिळाले. त्यांनी डायल उतरवून आत बॅटरी मारली, मोठं चाक बोटाने जरा मागेपुढे केलं आणि म्हणाले, "मेलेलं नाहीये हो, चिकटलंय नुसतं." म्हणजे झालं असं होतं की इतक्या वर्षांत ज्याने ज्याने हात लावला त्याने जुनं न पुसता वरून नवीन तेल सोडलं, त्याचा झाला डिंक. मी म्हटलं मग अजून थोडं तेल घालून बघू का, तर काकांनी असं बघितलं की पुढचं बोललोच नाही.

काम बघण्यासारखं होतं. सगळ्यात आधी दोन्ही स्प्रिंगांचा (एक वेळेची, एक ठोक्यांची) ताण हळूहळू सोडवला, कारण भरलेली स्प्रिंग तशीच ठेवून चाकं धरणाऱ्या पितळी पट्ट्या उघडल्या तर चाकांचे दात जातात आणि बोटंपण. मग सगळे भाग रॉकेलमध्ये, ब्रशने घासून, आणि आसाची टोकं फिरतात ती भोकं टोकदार काडीने साफ. तेव्हा कळलं की पितळी पट्टीतली दोन भोकं गोल राहिलेलीच नाहीत, झिजून लांबट झालीयेत. आस स्टीलचा, पट्टी पितळेची, त्यात जुन्या तेलात धूळ बसली की तीच कानस होते. चाक तिरकं झालं की दात नीट भिडत नाहीत आणि घड्याळ थोडं चालून थांबतं. तिथे भोक मोठं करून पितळेचं बुश, म्हणजे छोटीशी नळी, मारलं. सगळ्यात जास्त वेळ यातच गेला, आणि बाहेरून यातलं काहीच दिसत नाही!

पेटीचं काम सुताराने केलं, मागची फळी वाळवीने खाल्लेली म्हणून बदलली आणि बाकीला चपड्याचं पॉलिश. डायलवरचे डाग मी ठेवायला सांगितले, नवीन छापील डायल लावलं की जुनं घड्याळ लग्नाच्या हॉलमधल्या सजावटीसारखं दिसायला लागतं.

घड्याळ काकांकडे होतं तेव्हा मी सेइकोशाच्या मालकाबद्दल वाचत बसलो. किंतारो हात्तोरी, जन्म 1860, टोकियोतला. लहानपणी एका दुकानात नोकरीला होता, शेजारीच घड्याळाचं दुकान. पाऊस पडला की याच्या दुकानात गिऱ्हाईक नाही, सगळे हातावर हात ठेवून बसलेले, आणि घड्याळवाला मात्र आत बसून दुरुस्तीचं काम करतोय. पोराने ठरवलं की धंदा करायचा तर हाच. त्यात 1873 पासून जपानने पाश्चात्त्य पद्धतीचे सारख्या लांबीचे तास घेतले, त्याआधी तिथे दिवसाचे सहा आणि रात्रीचे सहा भाग असायचे आणि त्यांची लांबी ऋतूप्रमाणे बदलायची. म्हणजे अख्ख्या देशाला नवीन घड्याळं लागणार होती.

1881 मध्ये, विशीतच, स्वतःचं दुकान. आधी जुनी घड्याळं दुरुस्त करून विकायची, मग योकोहामाच्या परदेशी व्यापाऱ्यांकडून माल घ्यायचा, आणि उधारी ठरलेल्या तारखेला चुकती करायची, म्हणून चांगला माल याला आधी दाखवला जायचा. (आपल्याकडे कुठल्याही बाजारात विचारा, याहून मोठं भांडवल नाही.) 1892 मध्ये सेइकोशा कारखाना काढला, तांत्रिक बाजू सांभाळायला त्सुरुहिको योशिकावा नावाचा माणूस, आणि पहिला माल म्हणजे भिंतीवरची घड्याळंच. हातातलं घड्याळ यायला 1913 उजाडलं. मग 1923 च्या भूकंपात कारखाना जळाला, त्यात लोकांनी दुरुस्तीला दिलेली सुमारे 1500 घड्याळंही गेली. हात्तोरींनी जाहीर केलं की ज्यांची गेली त्यांना त्याच तोडीचं नवीन घड्याळ फुकट देऊ, आणि दिली. पुढच्याच वर्षी सेइको नावाचं पहिलं घड्याळ बाजारात.

मला वाटतं हा माणूस मुळात दुरुस्तीवाला होता हे आमच्या मशीनमध्येपण कळतं. सगळं स्क्रूवर आणि पिनांवर, पुन्हा उघडता येईल असं.

घरी लावताना एक गंमत कळली. पेटी डोळ्याला सरळ दिसून उपयोग नाही, कानाला सरळ लागली पाहिजे. टिक आणि टॉक यांच्यामधलं अंतर सारखं येईपर्यंत पेटी केसभर इकडेतिकडे सरकवायची, नाहीतर थोड्या वेळात लंबक दमतो. मागे पडत असेल तर लंबकाखालची चकती फिरवून गोळा किंचित वर घ्यायचा.

चाव्या दोन, उजवी वेळेची, डावी ठोक्यांची. अर्ध्या तासाचा एक-एक धरून दिवसाला 180 ठोके होतात, आणि हे मोजणारं चाक काट्यांकडे बघतच नाही, ते आपलं ओळीने एक, दोन, तीन देत जातं. म्हणून मुलीच्या बारावीच्या परीक्षेपुरती डावी चावी द्यायची नाही असा बायकोने हुकूम काढला, तेव्हा वेळ बरोबर चालली पण पेपर संपल्यावर चावी दिली तर सकाळी सातला दोन टोल. त्यासाठी मशीनच्या खाली एक तार लोंबते, ती वर ढकलली की पुढचे ठोके पडतात. पाच वेळा ढकलून सातपर्यंत आणलं, मध्ये अर्ध्याचे एकेक टोल वेगळेच, आणि खालच्या मजल्यावरच्या आजींनी संध्याकाळी विचारलं, "काय हो, सकाळी सकाळी कसली पूजा होती?"