सहा व्होल्टची गाडी बारावर नेण्याआधी

जुन्या मोटरसायकलचा हेडलाइट मिणमिणता दिसला की सल्ला ठरलेला: बारा व्होल्ट करून टाक. सल्ला चुकीचा नाही, पण बहुतेक वेळा घाईचा असतो. नवी असताना हीच गाडी याच सहा व्होल्टवर बरा उजेड पाडत होती. बॅटरी आजही सहा व्होल्टच देते. ते बल्बपर्यंत पोचत नाहीत, काळ्या पडलेल्या तारांत आणि गंजलेल्या जोडांत जिरतात.

हिशेब करून बघा. ३५ वॅटचा बल्ब सहा व्होल्टवर जवळजवळ ६ अँपिअर ओढतो, बारावर ३. फिलामेंट बल्बचा उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४ या घातांकाने बदलतो. म्हणजे सहातला १ व्होल्ट वाटेत गेला की उजेड थेट निम्म्यावर येतो. बारा व्होल्टच्या गाडीत त्याच खराब जोडात अर्धाच व्होल्ट जाईल आणि उजेड जेमतेम १३-१४ टक्के घटेल. बारावर नेल्यावर गाडी ‘सुधारते’ ती यामुळे. जोड खराबच राहतो आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा डोकं वर काढतो.

म्हणून आधी मोजा. बॅटरी पूर्ण चार्ज, इंजिन बंद, हेडलाइट चालू. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून एक टोक बॅटरीच्या लाइव्ह (चेसीला न जोडलेल्या) टर्मिनलला आणि दुसरं बल्बच्या होल्डरच्या लाइव्ह पत्तीला लावा. जो आकडा येईल तेवढे व्होल्ट वाटेत गेले. मग बॅटरीचं अर्थ (चेसीला जोडलेलं) टर्मिनल आणि होल्डरची बाहेरची कड यांच्यात तसंच मोजा. सहा व्होल्टच्या गाडीत लाइव्ह बाजूला ०.३ आणि अर्थच्या बाजूला ०.१ च्या वर काही दिसलं तर मी पुढे जात नाही. चोर शोधायला मीटरचं टोक एकेक जोड मागे सरकवत यायचं. आधी स्विचच्या मागे, मग फ्यूजच्या, मग अँमीटरच्या. आकडा जिथे एकदम पडेल तो जोड उघडा.

अर्थिंगची एक जागा हमखास सुटते. अनेक जुन्या गाड्यांत हेडलाइटचा अर्थ फोर्कमधून आणि हँडलच्या बेअरिंगच्या छर्‍यांमधून चेसीला जातो. त्या छर्‍यांत ग्रीस भरलेलं. हँडल वळवलं की लाइट फडफडतो तो इथे. हेडलाइटच्या डब्यातून थेट बॅटरीच्या अर्थ टर्मिनलपर्यंत वेगळी तार ओढा, विषय संपला. नव्याने रंगवलेल्या गाड्यांत तर हा त्रास जास्त, कारण पावडर कोटिंगचा थर वीज जाऊ देत नाही. बोल्टखालचा रंग वॉशरच्या आकाराइतका खरवडायचा, आवळायचा आणि वरून व्हॅसलीन लावायचं. आरशासारख्या चेसीवर ओरखडा काढायला जिवावर येतं खरं, पण दुसरा उपाय नाही.

तारेचं आवरण चांगलं दिसलं म्हणून आतलं तांबं चांगलं असेलच असं नाही. टोकाशी इंचभर सोलून बघा. तांबं काळं असेल तर आणखी कापा, आणि तरीही काळंच निघालं तर ती तार बदला. हेडलाइट आणि मुख्य लाइनला २ चौरस मिमी, म्हणजे ०.३० मिमीच्या २८ धाग्यांची तार लागते. टेललाइट, मीटरच्या बल्बला १ चौरस मिमी पुरते. घरगुती वायरिंगची एकसंध तार गाडीत वापरू नका, कंपनाने तुटते. दोन तारा पिळून वर टेप गुंडाळणं हाही जोड नव्हे.

बॅटरीच्या लाइव्ह तारेत फ्यूज नसेल तर आधी तो बसवा. जुन्या ब्रिटिश काचेच्या फ्यूजवर ३५ अँपिअर लिहिलेलं असतं, तो उडण्याचा आकडा. सतत वाहण्याची क्षमता त्याच्या निम्मी, सुमारे १७. त्याच्या जागी आजचा ३५ चा पात्याचा फ्यूज टोचला तर तारा आधी जळतील आणि फ्यूज शाबूत राहील. १५ चा बसवा.

एवढं करूनही उजेड अपुरा वाटला किंवा बल्ब-बॅटरी मिळेनाशी झाली, तर बारावर जायला हरकत नाही. डायनॅमो (बॅटरी चार्ज करणारा डीसी जनित्र) लुकास या ब्रिटिश कंपनीच्या पद्धतीचा असेल तर त्याची तब्येत आधी तपासा. दोन्ही तारा काढा, डी (वीज बाहेर देणारं) आणि एफ (चुंबकाच्या फील्ड वाइंडिंगचं) टर्मिनल एकमेकांना जोडा, मीटर या जोडात आणि डायनॅमोच्या अंगात लावा आणि इंजिन मंद चालवून हळूच रेस द्या. व्होल्टेज झपाट्याने चढलं पाहिजे; चढलं की लगेच सोडा, या अवस्थेत ताणू नका. फक्त डी वर मोजल्यास दीड ते तीन व्होल्ट मिळतात, ते गाभ्यात उरलेल्या चुंबकत्वाचे. काहीच मिळालं नाही तर ब्रश, कम्युटेटर बघा. ते ठीक असतील तर इंजिन बंद ठेवून, एफ ची तार रेग्युलेटरपासून (डायनॅमोचं व्होल्टेज आवरणारा डबा) सुटी असताना, बॅटरीच्या लाइव्ह टोकाची तार एफ ला क्षणभर टेकवा. चुंबकत्व परत येतं. गाडीचा अर्थ पॉझिटिव्हचा निगेटिव्ह केला असेल तरी हे करावंच लागतं.

तोच डायनॅमो बारा व्होल्टच्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरवर चालतो, मात्र चार्जिंग जास्त आरपीएमला सुरू होतं. गर्दीत लाइट लावून रांगत चालणाऱ्या गाडीत बॅटरी खालीच जाईल. करंटला मर्यादा घालणारा रेग्युलेटर घ्या: ६० वॅटच्या डायनॅमोला बारावर ५ अँपिअर म्हणजे तेवढेच ६० वॅट. जास्त ओढलं तर आर्मेचर (डायनॅमोचा फिरणारा भाग) तापतं. आल्टरनेटरच्या (एसी जनित्राच्या) गाडीत काम सोपं आहे. काही सहा व्होल्टच्या गाड्यांत लाइटच्या स्विचमधून वाइंडिंगचे भाग गरजेनुसार जोडले जायचे. ते सगळे कायमचे एकत्र घ्या आणि जुना सेलेनियम रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा भाग) काढून बारा व्होल्टचा रेग्युलेटर-रेक्टिफायर बसवा.

बॅटरी, हॉर्न, फ्लॅशर आणि सगळे बल्ब बदलायचे. स्पीडोमीटरमधला बारीक बल्ब विसरतो आणि पहिल्याच रात्री उडतो. कंडेन्सर तोच चालतो. इग्निशनची कॉइल मात्र बदलाच. सहाच्या कॉइलच्या प्रायमरीचा रोध दीड-दोन ओहम असतो, बारावर तिच्यातून ६ ते ८ अँपिअर जातील आणि पॉइंट (कॉइलचा करंट तोडून ठिणगी पाडणारे संपर्क) जळतील. बारा व्होल्टची, पॉइंटवर चालणारी कॉइल ३ ते ४ ओहमची असते. मॅग्नेटोच्या (ठिणगीची वीज स्वतःच बनवणाऱ्या यंत्राच्या) गाडीत इग्निशनला हात लावायचं कारणच नाही, त्याचा बॅटरीशी संबंध नसतो. मॅग्नेटोची गाडी थंड असताना एका किकला येते आणि तापल्यावर बंद केली की येतच नाही, तेव्हा कंडेन्सर किंवा वाइंडिंगकडे बघा, व्होल्टकडे नाही.

कॉइल इग्निशनला पॉइंटची गॅप ०.३५ ते ०.४० मिमी, मॅग्नेटोला ०.३० (गाडीच्या पुस्तकात वेगळी दिली असेल तर ती). गॅप आधी, टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) नंतर. उलट केलं तर दोन्ही पुन्हा करावं लागतं, कारण गॅप वाढवली की पॉइंट लवकर उघडतो आणि टायमिंग ॲडव्हान्स होतं. अनेक ‘कार्बुरेटरचे’ बिघाड इथेच निघतात.

पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन घालायचं असेल तर ते बारा व्होल्ट नीट झाल्यावरच. व्होल्टेज पडलं की काही युनिट भलत्या वेळी ठिणगी देतात आणि किक उलटी येते. पायाच्या घोट्याला ते महागात पडतं. प्लगची कॅप ५ किलोओहम रोधाची लावा, नाहीतर हायटेन्शन तारेची ढवळाढवळ युनिटला गोंधळवते. जुना ऑटो ॲडव्हान्स (रेस वाढली की ठिणगी आपोआप आधी पाडणारी यंत्रणा) तसाच ठेवणारी किट असेल तर त्याच्या स्प्रिंगा ढिल्या झाल्यात का ते बघा. आयडलिंग वर राहून खाली यायला वेळ लागत असेल तर बहुधा झाल्यात.

एलईडी टेललाइटला जरूर घ्या, पण लाल भिंगामागे लालच. पांढरा एलईडी तिथे फिकट गुलाबी पडतो. पॉझिटिव्ह अर्थच्या गाडीत साधा एलईडी उलटा जोडला जाऊन पेटतच नाही. तेव्हा दोन्ही ध्रुवांवर चालणारा मागून घ्या. जुन्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी हेडलाइट मला पटत नाही. फिलामेंट जिथे असतं तिथे त्याचा उजेड नसतो, म्हणून झोत विस्कटतो आणि समोरच्याच्या डोळ्यांत जातो.

शेवटी लाइट लावून, इंजिन मध्यम रेसवर ठेवून बॅटरीवर मोजा. बारा व्होल्टच्या गाडीत १३.८ ते १४.४, सहाच्या गाडीत ७ च्या आसपास हवेत. १४.७ च्या वर गेलं तर सीलबंद बॅटरी फुगेल, रेग्युलेटर बदला. बॅटरीच्या डब्याच्या झाकणाला आतून दोन गोष्टी पक्क्या शाईत लिहून चिकटवा: किती व्होल्ट, आणि अर्थ पॉझिटिव्ह की निगेटिव्ह.