तुम्ही विचारलंत म्हणून : मेस्सी की रोनाल्डो?

फुटबॉलवर चार शब्द लिहिणाऱ्या माणसाला हा प्रश्न चुकत नाही. लग्नाच्या पंगतीत, गाडीत शेजारी बसलेल्या मुलाकडून, विश्वचषकाच्या दिवसांत तर रोज. कोल्हापूरच्या पेठांमध्ये या प्रश्नावरून रात्र रात्र वाद रंगतात. विचारणाऱ्याला दोनांपैकी एक नाव हवं असतं. प्रश्न नीट मांडला तर तो असा असतो: कुणाची कारकीर्द सर्वांत मोठी? मग माझं उत्तर तिसरंच येतं. फेरेन्स पुश्काश.

नाव ओळखीचं वाटेल. वर्षातल्या सर्वांत देखण्या गोलसाठी फिफा 2009 पासून जो पुरस्कार देते, तो याच्या नावाचा. दरवर्षी ते गोल फोनवर पुन्हा पुन्हा पाहिले जातात, पण ज्याचं नाव त्या पुरस्काराला दिलं, तो कोण होता हे क्वचितच कुणी विचारतं. मला याचं वाईट वाटतं, म्हणून आज जरा सविस्तर लिहितो.

आधी माझं माप सांगतो. चषक, गोल, पुरस्कार यांची बेरीज करून कारकीर्द मोजता येते आणि त्या बेरजेत मेस्सी-रोनाल्डोंपुढे फारसं कुणी टिकत नाही, हे मला मान्य आहे. पण देश सुटला, संघ मोडला, खेळायला बंदी आली, शरीर सुटलं, वय तिशीपार गेलं, आणि त्यानंतर एखाद्यानं पहिलीच्या तोडीची दुसरी कारकीर्द उभी केली, तर तिचं वजन माझ्या लेखी फार मोठं आहे. एवढ्या उंचीवर हे करणारा पुश्काशइतका दुसरा मला दिसत नाही.

पहिल्या कारकिर्दीपासून सुरुवात करू. जन्म 1927, हंगेरीची राजधानी बुडापेस्ट. शहराच्या कडेच्या किशपेश्त या कामगार वस्तीत तो वाढला. वडील तिथल्याच क्लबचे खेळाडू आणि नंतर प्रशिक्षक. शेजारच्या घरात योझेफ बोझिक नावाचा मुलगा, दोघांचा चेंडू एकच. बाराव्या वर्षाआधी क्लबात नोंदणी होत नसे, म्हणून लहानगा पुश्काश आधी मिक्लोश कोवाच या खोट्या नावानं खेळला. 1943 मध्ये, सोळाव्या वर्षी, तो पहिल्या संघात आला. 1945 च्या ऑगस्टमध्ये ऑस्ट्रियाविरुद्ध देशासाठी पहिला सामना खेळला आणि त्यात गोलही केला. 1949 मध्ये साम्यवादी राजवटीनं किशपेश्तचा क्लब लष्कराकडे दिला. क्लबचं नाव होनवेद झालं, देशातले उत्तम खेळाडू तिथे आणले गेले आणि सगळ्यांना लष्करी हुद्दे मिळाले. पुश्काश मेजर झाला. हा हुद्दा पुढे त्याला महागात पडला.

दिसायला तो खेळाडू वाटायचाच नाही. बुटका, रुंद, पोट किंचित पुढे. उजवा पाय जवळपास नावापुरता, डोक्यानं गोल क्वचित. सगळं काम एका डाव्या पायाचं. पण तो डावा पाय असा, की चेंडू थांबवणं, वळवणं आणि मारणं यांत समोरच्याला श्वास घ्यायला फट मिळायची नाही.

25 नोव्हेंबर 1953 चा, लंडनच्या वेम्बली मैदानावरचा इंग्लंड-हंगेरी सामना यासाठी पाहायलाच हवा. युनायटेड किंगडमबाहेरच्या संघाकडून इंग्लंड तोवर कधी घरच्या मैदानावर हरलं होतं, ते एकदाच, आयर्लंडकडून. युरोपच्या मुख्य भूमीवरून आलेला एकही संघ तिथे जिंकला नव्हता. हंगेरीनं सामना 6-3 असा जिंकला. हिदेगकुटी हा नावाला मध्य आघाडीपटू, पण तो खाली सरकून खेळत होता. त्याच्यामागे जावं की जागेवर थांबावं हे इंग्लिश बचावपटूंना शेवटपर्यंत उमगलं नाही. त्यानं तीन गोल केले, पुश्काशनं दोन, बोझिकनं एक. त्यातला पुश्काशचा एक गोल आजही शिकवला जातो. उजवीकडून चेंडू त्याच्याकडे आला, इंग्लंडचा कर्णधार बिली राइट अंगावर झेपावला. पुश्काशनं तळव्यानं चेंडू अलगद मागे ओढला, राइट घसरत पुढे निघून गेला, आणि त्याच क्षणी डाव्या पायानं फटका. पुढच्या मे महिन्यात इंग्लंडचा संघ परतफेडीला बुडापेस्टला आला आणि 7-1 असा हरला.

1952 मध्ये हेलसिंकीत ऑलिम्पिक सुवर्ण झालेलं होतं. राहिला होता विश्वचषक. 1954 ला स्वित्झर्लंडमध्ये हा संघ आला तेव्हा चार वर्षं तो एकही सामना हरला नव्हता. दक्षिण कोरियावर 9-0, पश्चिम जर्मनीवर 8-3. मात्र याच जर्मनीविरुद्ध बचावपटू लिब्रिशच्या आघातानं पुश्काशच्या घोट्याचं हाड चिरलं. पुढचे दोन सामने तो बाहेर बसला. 4 जुलैला बर्नमध्ये, पावसात, अंतिम सामन्याला तो दुखऱ्या पायानं उतरला. समोर पुन्हा तीच पश्चिम जर्मनी. सहाव्या मिनिटाला त्याचाच गोल, आठव्या मिनिटाला त्सिबोरचा. 2-0. मग जर्मनांनी बरोबरी केली आणि शेवटच्या काही मिनिटांत तिसरा गोल मारला. अगदी अखेरीस पुश्काशनं चेंडू जाळ्यात घातलाही, पण रेषेवरच्या पंचानं ऑफसाइडचं निशाण वर केलं. 3-2. त्याला खेळवायला नको होतं असं म्हणणारे तेव्हाही होते, आजही आहेत. मला ते पटत नाही. त्या दिवशी हंगेरीचा पहिला गोल त्यानंच केला, आणि नाकारला गेलेला शेवटचाही.

देशासाठी 85 सामन्यांत 84 गोल. इथे थांबला असता तरी तो थोरच ठरला असता.

23 ऑक्टोबर 1956 ला बुडापेस्टमध्ये उठाव झाला आणि 4 नोव्हेंबरला सोव्हिएत रणगाडे शहरात शिरले. होनवेदला युरोपियन चषकात (आजची चॅम्पियन्स लीग) स्पेनच्या अॅथलेटिक बिल्बाओशी खेळायचं होतं. 22 नोव्हेंबरला बिल्बाओत ते 3-2 असे हरले. परतीचा सामना बुडापेस्टला होणं शक्यच नव्हतं, तो ब्रुसेल्सला झाला, 3-3 असा सुटला आणि होनवेद स्पर्धेबाहेर गेलं. खेळाडूंच्या बायकामुलांनी सीमा ओलांडली होती. पुश्काशची पत्नी एर्झेबेत आणि लहान मुलगी अनिको याही त्यांत होत्या. संघ इटली, पोर्तुगाल, स्पेन आणि पुढे ब्राझीलला प्रदर्शनीय सामने खेळत फिरला. हंगेरीच्या महासंघानं आणि फिफानं हा दौरा बेकायदा ठरवला.

इथे आपल्याकडचा एक धागा जोडला जातो. त्याच नोव्हेंबरच्या अखेरीस मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये फुटबॉलच्या पहिल्या फेरीत भारताची गाठ हंगेरीशी होती. हंगेरीनं माघार घेतली आणि भारताला पुढे चाल मिळाली. पुढच्या सामन्यात गोव्यात जन्मलेला, मुंबईच्या टाटा संघातून खेळणारा नेव्हिल डिसूझा याच्या हॅटट्रिकवर आपण ऑस्ट्रेलियाला 4-2 असं हरवलं आणि स्पर्धेत चौथे आलो. ऑलिम्पिक फुटबॉलमधलं आपलं ते आजवरचं सर्वोत्तम स्थान. त्या अभिमानाच्या पानामागे बुडापेस्टच्या रस्त्यावरचे रणगाडे आहेत, हे मला फार उशिरा कळलं आणि तेव्हापासून ते पान मी जरा थांबून वाचतो.

दौरा संपल्यावर संघ फुटला. बोझिक मायदेशी परतला. आघाडीचे खेळाडू कोचिश आणि त्सिबोर बाहेर राहिले आणि पुढे बार्सिलोनाकडून खेळले. 1961 मध्ये युरोपियन चषकाच्या अंतिम सामन्यासाठी हे दोघं त्याच बर्नच्या मैदानावर उतरले, दोघांनी एकेक गोल केला आणि पुन्हा 3-2 असेच हरले. एखाद्या लेखकानं हे रचलं असतं तर आपण विश्वास ठेवला नसता.

पुश्काश परतला नाही. तो लष्करी अधिकारी होता, त्यामुळे सरकारच्या दृष्टीनं तो पळपुटा सैनिक ठरला. वर फिफाची बंदी. ऑस्ट्रिया, मग इटली. दीड वर्षाहून जास्त काळ एकही अधिकृत सामना नाही. वजन सुमारे 18 किलो वाढलं. इटलीतल्या क्लबांनी वय आणि पोट पाहिलं आणि विषय तिथेच सोडला. शेवटी उपयोगी पडला तो होनवेदचा जुना व्यवस्थापक एमिल ओस्टराइशर, जो आता रेआल माद्रिदमध्ये होता. त्याच्या शब्दावर अध्यक्ष सांतियागो बेर्नाबेऊनं 1958 मध्ये या 31 वर्षांच्या, जाडजूड, स्पॅनिश न येणाऱ्या माणसाला करारबद्ध केलं.

त्या क्लबात तेव्हा आल्फ्रेदो दि स्टेफानो या आघाडीच्या खेळाडूचं राज्य होतं. चेंडू कुणाकडे जायचा, कधी जायचा, हे तोच ठरवायचा आणि दुसरा राजा त्याला खपत नसे. पुश्काश आपल्या देशाचा कर्णधार, जगातल्या सर्वोत्तम संघाचा मुख्य माणूस. अशा दोघांचं जमणं अवघड. पण पुश्काशनं पहिल्या दिवसापासून मोठेपणाचा हट्ट धरला नाही. मैदानाची मधली जागा दि स्टेफानोची, गोलसमोरची माझी, एवढं त्यानं मनोमन ठरवलं असावं. वजन उतरवलं. दुसऱ्याच लीग सामन्यात हॅटट्रिक केली, आणि त्या हंगामात एकूण चार. माद्रिदचे लोक त्याला लाडानं पांचो म्हणू लागले, आणि डाव्या पायाच्या फटक्यामुळे छोटी तोफ.

18 मे 1960. ग्लासगोचं हॅम्पडेन पार्क, 1,27,621 प्रेक्षक, युरोपियन चषकाचा अंतिम सामना. समोर आयन्ट्राख्ट फ्रँकफर्ट. हा सामना होतो की नाही अशीच वेळ आली होती, कारण 1954 चे जर्मन खेळाडू उत्तेजक घेऊन खेळले, असं पुश्काश एकदा जाहीरपणे म्हणाला होता आणि जर्मन महासंघानं आपल्या क्लबांना त्याच्याविरुद्ध खेळायला मनाई केली होती. त्यानं लेखी माफी मागितली तेव्हा मार्ग निघाला. फ्रँकफर्टनं पहिला गोल केला. त्यानंतर जे झालं त्याचा नुसता आकडा सांगितला तरी पुरे: रेआल 7, फ्रँकफर्ट 3. दि स्टेफानोचे तीन, पुश्काशचे चार. एका अंतिम सामन्यात चार गोल! पुढे मँचेस्टर युनायटेड घडवणारा अॅलेक्स फर्ग्युसन त्या दिवशी अठरा वर्षांचा मुलगा म्हणून त्या गर्दीत होता.

दोन वर्षांनी अॅमस्टरडॅमला पोर्तुगालच्या बेन्फिकाविरुद्धच्या अंतिम सामन्यात पुश्काशनं मध्यंतराआधीच तीन गोल केले. तरी रेआल 5-3 असं हरलं, कारण पलीकडे तरुण युसेबियो होता.

रेआलसाठी 262 सामने आणि 242 गोल. स्पॅनिश लीगमध्ये सर्वाधिक गोल करणारा खेळाडू म्हणून चार वेळा मान, चौथा 1964 मध्ये, वय 37. ओळीनं पाच लीग विजेतेपदं. आणि हे सगळं वयाच्या 31 नंतर सुरू झालेलं. तेव्हाचे बचावपटू ढिले होते, असं मला हमखास ऐकवलं जातं. तेव्हाचे बचावपटू पाठीमागून घोट्यावर पाय घालायचे आणि पंच शिट्टी वाजवायचे नाहीत. लाल-पिवळी कार्डं आली 1970 च्या विश्वचषकात. बदली खेळाडू नव्हता, मैदानं चिखलाची, चामड्याचा चेंडू पावसात जड होणारा. मेस्सीनं 35 व्या वर्षी विश्वचषक उंचावला, रोनाल्डो चाळिशीनंतरही खेळतो आहे, हे थोरच. पण त्यांच्यामागे डॉक्टर, आहारतज्ज्ञ, फिजिओ यांची फौज उभी आहे. पुश्काशला त्याचं शरीर एकट्यानं परत मिळवावं लागलं.

स्पेनच्या वतीनं 1962 चा विश्वचषक तो खेळला, पण देशासाठी 84 गोल करणाऱ्याला स्पेनसाठी चार सामन्यांत एकही गोल करता आला नाही. यावर मी फार लिहीत नाही.

1966 मध्ये बूट उतरवल्यावर तो प्रशिक्षक म्हणून अक्षरशः जगभर फिरला. कॅनडा, चिली, सौदी अरेबिया, इजिप्त, पॅराग्वे. 1971 मध्ये ग्रीसच्या पानाथिनाइकोसला त्यानं युरोपियन चषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत नेलं, तेही वेम्बलीवर. तिथे योहान क्रायफच्या आयाक्सनं त्यांना 2-0 असं हरवलं. ग्रीसचा कुठलाही क्लब त्याआधी किंवा त्यानंतर तिथवर पोचलेला नाही. 1991 मध्ये साउथ मेलबर्न हेलासला त्यानं ऑस्ट्रेलियाचं विजेतेपद मिळवून दिलं. त्या संघाचा कर्णधार होता आंगे पोस्तेकोग्लू, जो पुढे टॉटनहॅमचा प्रशिक्षक झाला. पुश्काशला इंग्रजी बेताचंच यायचं, ग्रीक मात्र कळायची, आणि पोस्तेकोग्लूला घरची ग्रीक येत होती, त्यामुळे तो त्याचा दुभाषा आणि गाडीचा चालकही झाला. आक्रमण करत राहायचं, दोन गोल खाल्ले तर तीन करायचे, ही शिकवण पोस्तेकोग्लूच्या संघांमध्ये आपण अलीकडेपर्यंत पाहिली.

मायदेशी तो पाय ठेवू शकला 1981 मध्ये, पंचवीस वर्षांनी. बोझिक 1978 मध्येच गेला होता. ज्याच्या दारात चेंडू लाथाडत फुटबॉल शिकला, त्या मित्राला भेटायचं राहून गेलं. या माणसानं गमावलेल्या गोष्टींत मला विश्वचषकाहून हे जास्त मोठं वाटतं. राजवट बदलल्यावर तो बुडापेस्टला परत राहायला आला, 1993 मध्ये थोडा काळ राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षकही होता. पुढे अल्झायमरनं ग्रासलं. 17 नोव्हेंबर 2006 ला तो गेला. ज्या देशानं त्याला पळपुटा ठरवलं होतं, त्या देशानं त्याला राजधानीतल्या सेंट स्टीफन्स बॅसिलिकेत पुरलं. शहराच्या मोठ्या स्टेडियमला त्याचं नाव तो हयात असतानाच, 2002 मध्ये, दिलेलं होतं. जुनं पाडून बांधलेल्या नव्या मैदानालाही तेच नाव आहे.

तेव्हा मेस्सी की रोनाल्डो, याचं माझं उत्तर हे असं आहे. तुम्ही मेस्सी म्हणालात तर मी भांडणार नाही, त्याच्याकडे चेंडू आला की आजही मी बोलायचा थांबतो. फक्त एक करा. 1960 च्या ग्लासगोच्या सामन्याचं चित्रण उपलब्ध आहे. मध्यंतराच्या अगदी आधीचा पुश्काशचा पहिला गोल पाहा. डावीकडे, गोलरेषेच्या इतक्या जवळ तो आहे की तिथून गोल दिसतही नाही. तो मान वर करत नाही, डावा पाय मारतो, चेंडू जाळ्याच्या छतात जातो. वय 33. मग पुढचे तीन पाहा आणि आपण पुन्हा बोलू.