फेब्रुवारीतलं सेरेनगेटी: तरंगिरे, न्गोरोन्गोरो, न्दुतू

टांझानियाच्या सफारीचा विषय निघाला की पहिला प्रश्न सुट्टीचा, आणि तिथेच घोडं पेंड खातं. आपल्या शाळांची मोठी सुट्टी एप्रिल-मेमध्ये, आणि उत्तर टांझानियात नेमका तेव्हाच मोठा पाऊस. काळ्या चिकट मातीत गाड्या रुततात, बरेच कॅम्प बंद असतात. एप्रिल-मेचे दर फारच स्वस्त दिसले तर ते का स्वस्त आहेत हे आधी विचारा. दिवाळी ऑक्टोबरात आली तर उत्तम, नोव्हेंबरात गेली तर छोट्या पावसाशी गाठ पडू शकते. आमच्याकडे आता शाळेत जाणारं कोणी नाही, म्हणून फेब्रुवारी धरला. मी, नवरा, नणंद, तिचे यजमान आणि आमच्या सासूबाई. आईंचं वय ७२, गुडघे कुरकुरणारे, उत्साह मात्र आम्हा चौघांची बेरीज केली तरी जास्त.

फेब्रुवारीच का? स्थलांतर म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर मारा नदी, मगरी आणि पाण्यात धडाधड उड्या टाकणारे विल्डबीस्ट (गाईसारखी दिसणारी मोठी हरणं) येतात. ते सेरेनगेटी उद्यानाच्या उत्तर टोकाला, साधारण जुलै ते ऑक्टोबर. पण सुमारे तेरा लाख विल्डबीस्ट आणि त्यांच्याबरोबरचे झेब्रे वर्षभर फिरतच असतात. डिसेंबर ते मार्च त्यांचा मुक्काम दक्षिणेला, न्दुतूच्या आसपास, आखूड गवताच्या माळावर. आणि फेब्रुवारीत, दोन-तीन आठवड्यांच्या आत, बहुतेक साऱ्या माद्या तिथे व्यातात. नदी ओलांडणं बघायला काठावर तासन् तास ताटकळावं लागतं आणि कळप शेवटच्या क्षणी तोंड फिरवून माघारी जाऊ शकतो. न्दुतूत हा जुगार नाही. मात्र पाऊस लांबला तर कळपही पुढेमागे होतात, म्हणून तिथे किमान तीन रात्री ठेवा.

आम्ही किलिमांजारो विमानतळावर उतरून अरुशा शहर गाठलं. नैरोबीला उतरून रस्त्यानेही येता येतं, पण सीमेवरचा वेळ आणि दोन देशांचे कागद आलेच. केनियाने २०२४ पासून व्हिसा काढून टाकला तरी ऑनलाइन पूर्वपरवानगी लागतेच, आणि टांझानियाचा ई-व्हिसा वेगळा. केनिया, युगांडा, रवांडा मिळून जो पूर्व आफ्रिकेचा व्हिसा मिळतो त्यात टांझानिया नाही.

तरंगिरे उद्यान अरुशापासून दोन-अडीच तासांवर. खरा बहर कोरड्या दिवसांत, जुलै ते ऑक्टोबर, तेव्हा सगळे हत्ती नदीवर येतात. फेब्रुवारीत ते पांगलेले होते, तरी दिसले भरपूर. इथे जायचं ते गोरखचिंचेसाठी. वसईच्या किल्ल्यात किंवा मुंबईत एखादं झाड पाहिलेलं असतं, इथे टेकडीच्या टेकडी त्यांनी भरलेली. जवळून पाहिलं तर प्रत्येक बुंध्याला हत्तीच्या उंचीपर्यंत खड्डे. पाण्याची ओढ लागली की हत्ती सुळ्यांनी साल फाडून आतला ओलसर गाभा चघळतात. एका झाडाचा बुंधा तर आरपार गेला होता आणि वर पालवी ताजी.

तरंगिरेत त्सेत्से माशी चावते, आणि जीन्समधूनही चावते. निळा आणि काळा रंग तिला खेचतो. झाडांना टांगलेली निळी-काळी फडकी दिसतात ती औषध लावलेले सापळे आहेत. नणंदेने नेमका गडद निळा टी-शर्ट चढवला होता, त्यामुळे माश्यांचा सगळा बंदोबस्त तिच्याकडे आणि आम्ही निवांत. खाकी, बदामी, मळकट हिरवा घ्या. लष्करी छाप्याचे कपडे मात्र टांझानियात चालत नाहीत, ते घरीच ठेवा.

न्गोरोन्गोरो म्हणजे जुन्या ज्वालामुखीचं प्रचंड विवर. ते बघायला बहुतेक लोक त्याच्या काठावर राहतात. कराटू गावात राहिलं तर बरेच पैसे वाचतात, फक्त पहाटे लवकर निघावं लागतं. काठ समुद्रसपाटीपासून २२०० मीटरच्या वर. 'आफ्रिकेत कसली थंडी' म्हणणारा माझा नवरा सकाळी शाल मागत होता. सुमारे ६०० मीटर खाली उतरलं की २६० चौरस किलोमीटरचा सपाट तळ. खाली जिराफ नाहीत. कडे उभे आणि खाली त्यांच्या खाण्याजोगी झाडं थोडी, म्हणून ते उतरतच नाहीत. काळा गेंडा दिसला, म्हणजे दुर्बिणीत काळा ठिपका दिसला आणि गाईडने तो गेंडा असल्याचं सांगितलं. त्यामुळे दुर्बीण प्रत्येकाची वेगळी हवी. ८ × ४२ची (आठपट मोठं दाखवणारी) साधी दुर्बीणही मोबाइलच्या झूमपेक्षा कितीतरी पटींनी बरी. न्गोइतोकितोकच्या तळ्याकाठी जेवणाची जागा आहे, तिथे घारी हातातला घास उचलतात. डबा गाडीतच उघडा.

खरं सांगायचं तर विवरात एक दिवस पुरतो. गाड्या खूप, रस्ते ठरलेले. गाडी खाली उतरवायचं शुल्कच गाडीमागे २९५ डॉलरच्या आसपास होतं, तेव्हा दुसऱ्या दिवसाचे पैसे न्दुतूकडे वळवा.

वाटेत ओल्डुवाई घळीचं संग्रहालय लागतं. संशोधक मेरी लीकी यांना १९५९ मध्ये इथेच जुन्या मानवसदृश प्राण्याची कवटी सापडली. लाएतोली इथे सापडलेल्या, मानवाच्या पूर्वजांच्या ३६ लाख वर्षांपूर्वीच्या पाऊलखुणांचा साचाही पाहायला मिळतो. तासभर काढाच. गुरं पाळणाऱ्या मसाई लोकांच्या वस्तीला भेट हा प्रकार मात्र मला पटला नाही. गाडीमागे ठरलेले पैसे, ठरलेलं नाचणं, मग मण्यांचं दुकान. ज्या लोकांना १९५९ मध्ये सेरेनगेटीतून हलवून या भागात आणलं, त्यांचा इथून पुढे हलण्याचा वाद अजून चालू आहे. त्यांच्या घरात डोकावून फोटो काढण्यापेक्षा गाईडशी त्यावर बोललात तर जास्त कळेल.

न्दुतूच्या माळावर झाडच नाही. पूर्वेकडच्या ज्वालामुखींची राख पिढ्यानपिढ्या इथे पडत आली. तिच्या थराखाली जमीन इतकी टणक झाली की मुळं खोल जात नाहीत. पण त्याच राखेमुळे गवतात कॅल्शियम आणि फॉस्फरस भरपूर, आणि पाजणाऱ्या मादीला तेच हवं. शिवाय आखूड गवतात सिंहाला दबा धरता येत नाही. व्यायला यापेक्षा चांगली जागा कुठली?

हा भाग न्गोरोन्गोरो संरक्षित क्षेत्रात येतो, म्हणून हंगामात गाडी रस्ता सोडून माळावर नेता येते. सेरेनगेटी उद्यानात तसं केलं तर दंड. आमच्या गाईडने गाडी कळपापासून बरीच लांब उभी केली आणि इंजिन बंद केलं. एक मादी जराशी बाजूला होऊन आडवी पडली, उठली, पुन्हा पडली. आधी दोन पांढरट खूर बाहेर दिसले, मग नाक, मग सगळं एकदम घरंगळलं. फिकट तपकिरी, ओलं पिल्लू. पुढचे पाय रोवायचं, मागचे फाकायचे, तोंडावर आपटायचं. आईंनी मनगटावरचं घड्याळ धरून ठेवलं होतं. "सात मिनिटंही नाही झाली गं, उभं राहिलं. आमच्या गाईचं वासरू यापेक्षा आळशी." तेवढ्यात तरस आलं. पिल्लू आईच्या पोटाला चिकटून धावत सुटलं आणि कळपात घुसल्यावर कुठलं कोणतं ते कळेना. तरसाने मागे पडलेली वार उचलली आणि समाधान मानलं. उरल्यासुरल्यावर गिधाडं उतरली.

रात्री शेकोटीपाशी गाईड सांगत होता की हे कळप कायम एवढे नव्हते. १९६१ च्या मोजणीत जेमतेम अडीच लाख भरले. १८९० च्या दशकात आलेल्या गुरांच्या साथीने त्यांना दाबून ठेवलं होतं. भोवतालच्या गुरांना लसी टोचल्या तशी साठच्या दशकात साथ हटली आणि १९७७ पर्यंत संख्या तेरा लाखांवर गेली. नणंदेचे यजमान पशुसंवर्धन खात्यातून निवृत्त झालेले. ते म्हणाले, "आई, ही आपली बुळकांडी." आईंना माहेरचा रिकामा झालेला गोठा आठवला. जगातून हा रोग गेल्याचं २०११ मध्ये जाहीर झालं. त्या रात्री गप्पा वाघ-सिंहांवर आल्याच नाहीत.

तिथून सेरोनेरा, म्हणजे सेरेनगेटीचा मध्य. उद्यान १४,७६३ चौरस किलोमीटरचं, आणि गाड्या मात्र सगळ्या एका बिबट्याखाली. रेडिओवर खबर फुटली की वीस-पंचवीस गाड्या गोळा होतात. आम्ही गाईडला सांगून टाकलं की रेडिओमागे धावायचं नाही. त्याने मोरूच्या खडकांकडे नेलं. तिथे एका कपारीत मसाईंनी काढलेल्या लाल-पांढऱ्या ढाली आहेत आणि एक दगड आहे, ठोकला की घंटेसारखा वाजतो. ताडोबाची सवय असलेल्यांनी एक लक्षात घ्यावं. तिथे आपण वानराच्या खाकरण्यावर आणि पावलांच्या ठशांवर वाघ शोधतो, इथे नजर क्षितिजावर ठेवायची आणि वारुळाच्या उंचवट्यावर बसलेला चित्ता हेरायचा. सफारीला सकाळ-संध्याकाळच्या पाळ्या नाहीत, डबा घेऊन दिवसभर बाहेर.

त्यामुळे गाडी महत्त्वाची. छत वर उचललं जाणारी लँड क्रूझर घ्या, प्रत्येकाला खिडकी मिळेल इतकीच माणसं बसवा. मागच्या चाकांवरच्या सीटवर कंबरेचा भुगा होतो, ज्येष्ठांना पुढे बसवा. पायरी उंच असते, आईंसाठी आम्ही छोटं स्टूल मागून घेतलं होतं आणि ते रोज दहा वेळा लागलं. डांबरी रस्ता न्गोरोन्गोरोच्या फाटकापर्यंत, पुढे नुसते खडखडाट आणि धूळ. कॅमेऱ्याची लेन्स उघड्यावर बदलू नका. सामान मऊ बॅगेत हवं. आतल्या छोट्या विमानाने जाणार असाल तर साधारण १५ किलोचीच मुभा असते. ड्रोन परवानगीशिवाय नेऊच नका.

प्रवेशशुल्क माणशी, चोवीस तासांचं. सेरेनगेटीचं ८० डॉलरच्या वर आणि न्गोरोन्गोरो क्षेत्राचं ७० च्या आसपास भरलं, दर बदलत असतात. शिक्का ज्या वेळेला पडतो तिथून घड्याळ सुरू, आणि बाहेर पडताना सेरेनगेटीच्या नाबी टेकडीच्या फाटकावर उशिरा पोचलात तर पुन्हा पैसे. न्दुतूत राहून सेरेनगेटीत फेरी मारली तर दोन्हीकडची शुल्कं पडतात, म्हणून मुक्काम त्या त्या बाजूला ठेवा. मन्यारा, अरुशा वगैरे उद्यानांचे एकेक रात्रीचे तुकडे जोडणारे कार्यक्रम टाळा, निम्मा वेळ रस्त्यात जातो. डॉलरच्या नोटा नव्या आणि कोऱ्या न्या, जुन्या छापाच्या कुणी घेत नाही.

शाकाहारींची उपासमार होत नाही. चपाती, राजम्यासारखी उसळ, भात सगळीकडे. डब्यात मात्र न सांगता कोंबडीची तंगडी येते, आदल्या रात्री आठवण करा. चिवडा, भाकरवडी न्यायची तर डब्यात किंवा कापडी पिशवीत. टांझानियात जून २०१९ पासून प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आहे. चार्जरसाठी चौकोनी तीन पिनांचा अडॅप्टर लागतो.

मलेरियाच्या गोळ्यांचं निघण्याआधी डॉक्टरांना विचारा. पीतज्वराची लस सरकारमान्य केंद्रावरच मिळते, तिथे आधी नाव नोंदवावं लागतं, आणि ती प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी हवी. एकदा घेतली की आयुष्यभर चालते. केनिया आणि इथिओपिया दोन्ही भारताच्या पीतज्वराचा धोका असलेल्या देशांच्या यादीत आहेत आणि बहुतेक विमानं नैरोबी किंवा अदिस अबाबावरूनच जातात, तेव्हा टाळाटाळ नको. लसीचं पिवळं कार्ड परतताना हातातल्या बॅगेत ठेवा. मुंबईत आरोग्य तपासणीचं टेबल इमिग्रेशनच्या आधी लागतं, आणि कार्ड नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात.