दुबईचं खातं, बेळगावचं रिटर्न

खानापूर, निपाणी, बेळगावकडची बरीच मंडळी आखातात नोकरी करून कायमची गावी परततात. तिकडचं बँक खातं मात्र चालूच राहतं. यात बेकायदा काही नाही. अनिवासी असताना कमावलेला पैसा परतल्यावरही तिथेच ठेवायला परकीय चलन व्यवस्थापन कायद्याचं, म्हणजे फेमाचं, कलम ६(४) परवानगी देतं. बेकायदा आहे ते खातं रिटर्नमध्ये लपवणं. २०१५च्या काळा पैसा कायद्यात त्याला वर्षाला १० लाख रुपये दंड आहे, मग तो पैसा कितीही घामाचा असो. १ ऑक्टोबर २०२४ पासून स्थावर सोडून परदेशातली एकूण मालमत्ता २० लाखांच्या आत असेल तर हा दंड लागत नाही. दाखवायची मात्र तरीही असते.

बहुतेकांचं चुकतं ते परतल्यावर दोन-तीन वर्षांनी. समजा, एक जण पंधरा वर्षं दुबईत होता, दरवर्षी महिनाभर गावी यायचा आणि १ जून २०२२ला कायमचा परतला. २०२२-२३ आणि २०२३-२४ या दोन्ही वर्षी मागच्या १० पैकी किमान ९ वर्षं तो अनिवासी भरतो, म्हणून त्याचा दर्जा आरएनओआर, म्हणजे निवासी पण ‘सामान्य निवासी’ नाही. तिकडच्या व्याजावर इथे कर नाही, परदेशी मालमत्तेचा तक्ताही नाही. २०२४-२५ला अनिवासी वर्षं ८च उरतात. मागच्या ७ वर्षांतले भारतातले दिवस मोजा: सुट्ट्यांचे १५०, पहिल्या वर्षाचे ३०४, दुसऱ्याचे ३६६, एकूण ८२०. आरएनओआर राहण्याची मर्यादा ७२९. म्हणजे तो आता पूर्ण निवासी. दर्जा बदलल्याचं पत्र कुठूनही येत नाही आणि गेल्या वर्षीचंच रिटर्न पुन्हा उतरवलं जातं. पासपोर्टवरचे शिक्के घेऊन हे दिवस दरवर्षी मोजायलाच हवेत.

पूर्ण निवासी झालात की आयटीआर-१ चालत नाही, २ किंवा ३ भरायचा आणि त्यातलं शेड्यूल एफए, म्हणजे परदेशी मालमत्तेचा तक्ता. बँक खातं तक्ता ए-१ मध्ये जातं: बँकेचं नाव-पत्ता, खाते क्रमांक, उघडल्याची तारीख, वर्षातली सर्वाधिक शिल्लक, अखेरची शिल्लक, व्याज. या तक्त्यातलं वर्ष जानेवारी ते डिसेंबर. उत्पन्नावरचा कर मात्र एप्रिल ते मार्च, त्यामुळे व्याजाचे दोन आकडे जुळत नाहीत. जुळवू नका, दोन्ही आपापल्या जागी बरोबर असतात. मार्चमध्ये १,५०,००० दिरहम ग्रॅच्युइटी जमा होऊन आठवड्यात इकडे आली आणि ३१ डिसेंबरला २,००० उरले, तरी सर्वाधिक शिल्लक दीड लाखाच्या वरचीच लिहायची, त्या दिवसाच्या स्टेट बँकेच्या टीटी बाइंग दराने (बँक परकीय चलन विकत घेते तो दर) रुपयांत.

मुलगा अमेरिकेत आणि सोयीसाठी बाबांचं नाव तिकडच्या खात्यात जोडलेलं, हेही आपल्याकडे घरोघरी दिसतं. बाबा टिळकवाडीत राहतात, तिकडे एक डॉलरही त्यांचा नाही, तरी त्यांच्या रिटर्नमध्ये ते खातं येतं. नुसता सहीचा अधिकार असेल तर त्यासाठी वेगळा तक्ता आहे, ई. नाव काढून टाकणं जास्त सुटसुटीत.

‘कोणाला कळतंय?’ असं म्हणणाऱ्यांसाठी: सीआरएस म्हणजे बँक खात्यांची माहिती देशांनी एकमेकांना कळवायची व्यवस्था. भारताला तिच्याखाली माहिती २०१७पासून येते, अमिराती २०१८पासून पाठवतात, स्वित्झर्लंडकडून पहिली खेप २०१९ला आली. नाव, पत्ता, जन्मतारीख, खाते क्रमांक, अखेरची शिल्लक, व्याज, सगळं असतं. अमेरिकेशी फॅटका या तिथल्या कायद्याखाली वेगळा करार आहे.

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या निर्यातदारांनाही अधूनमधून सल्ला मिळतो की कास्टिंगचं बिल कमी दराने करा, फरक दुबईत ठेवा. शिपिंग बिलातली रक्कम बँकेच्या प्रणालीत आलेल्या पैशाशी जुळते, म्हणून हे सुरक्षित वाटतं. पण खरेदीदाराच्या खात्यातून फरकाची रक्कम कुठेतरी जातेच, आणि ती जिथे साठते ती बँक सीआरएसमध्ये असते. फेमात दंड रकमेच्या तिप्पट होऊ शकतो. शिवाय कलम ३७ए नुसार तेवढ्याच किमतीची इथली मालमत्ता जप्त करता येते. म्हणजे पैसा दुबईत, पण धोक्यात शेड आणि घर.

परतणाऱ्यांनी एक काम आधी करावं. ओटीपी तिकडच्या मोबाइलवर येतो आणि सिम बंद झालं की खात्यात ऑनलाइन शिरणं अवघड होतं. म्हणून निघण्यापूर्वीच बँकेत नंबर आणि पत्ता बदलून घ्या, आणि खातं उघडल्यापासूनची स्टेटमेंटं पीडीएफमध्ये उतरवून ठेवा.