बाईंचा 'स्वा'

आठवीत शिरताना शाळा एकदाच विचारायची, संस्कृत की फ्रेंच? संस्कृतात पैकीच्या पैकी पडतात म्हणून बहुतेक घरांत वादच नसायचा. आम्ही मोजके फ्रेंचवाले जिन्याखालच्या खोलीत जमायचो.

बाईंनी पर्यायांचा धडा पुस्तकातून काढलाच नाही. फळ्यावर फ्रेंच खाणावळीचं मेनूकार्ड लिहिलं आणि शेवटच्या ओळीवर खडू आपटला, 'फ्रोमाज ऊ देसेर'. चीज किंवा गोड. ठरलेल्या पैशांत दोन्ही मिळत नाही, हे ऐकून लग्नाच्या पंगतीत वाढलेली आम्ही मुलं हबकलोच.

'ऊ' म्हणजे किंवा. त्यावर तिरकी रेघ चढली की 'कुठे'. ती विसरणाऱ्याचे गुण बाई निर्दयपणे कापत. आपण विचारताना 'की' म्हणतो आणि सांगताना 'किंवा'. फ्रेंच माणूस दोन्हीकडे 'ऊ'वरच भागवतो. मग ओळखायचं कसं? आवाजावरून. 'ते ऊ काफे?' म्हणताना चहाला सूर चढला आणि कॉफीला उतरला, तर एकच निवडायचं. हे आम्ही सगळ्यांनी मिळून इतकं घोकलं की शेजारच्या वर्गाचे सर डोकावून गेले.

एकच, दुसरं नाहीच, असं ठणकावायचं असेल तर 'स्वा... स्वा...'. 'स्वा ल फ्रोमाज, स्वा ल देसेर', म्हणजे एकतर चीज, नाहीतर गोड. इथे बाई खुलल्या. हा 'स्वा' मुळात 'असणे' या क्रियापदाचं रूप, आपल्या 'असो'सारखं. 'ऊन असो, पाऊस असो' म्हणतो ना, तसंच त्यांचं 'स्वा क... स्वा क...', आणि त्यापुढचं क्रियापदही सब्जाँक्तीफमध्येच, म्हणजे 'असो'सारख्या रूपातच जातं. तोच शब्द एकटा, शेवटचा 'त' उच्चारून 'स्वात' म्हटला, की वाद मिटवणारं आपलं 'असो!' व्याकरणाच्या पुस्तकांत या तीन गोष्टी तीन ठिकाणी विखुरलेल्या असतात. बाईंनी त्या एका तासात एकत्र आणल्या. अशी शिकवणी मला नंतर महागड्या क्लासातही मिळाली नाही.

जाता जाता त्यांनी चौथाही उपयोग सांगितला होता. 'स्वा आबेसे अँ त्रियाँग्ल', म्हणजे एबीसी हा त्रिकोण आहे असे समजा.

पुढे शिकायला फ्रान्समध्ये ग्रनोबलला गेलो. गणिताच्या पहिल्याच तासाला प्राध्यापकांनी 'स्वा एफ...' असं सुरू केलं. माझ्या शेजारचा, माझ्यासारखाच परदेशातून आलेला मुलगा दुसऱ्या 'स्वा'ची वाट बघत पेन धरून बसला. त्याला 'समजा' सांगून उपयोग नव्हता. इंग्रजीतलं 'लेट' वहीच्या कोपऱ्यात लिहून दाखवलं, तेव्हा त्याचं पेन चालू झालं.